विहीणबाईंचं प्रस्थान

हिरव्या खणाचं गाठोडं. गाठीवर हळदीचं बोट उमटलेलं.

दात घासायचे दोन ब्रश. एक माझा, एक कोरा, पाकिटातला.

आइसलँडमधल्या एका डोंगराचं नाव. मी कोल्हापूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं, ज्वालामुखीची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढायची, आणि ते नाव मला आजही उच्चारता येत नाही.

करड्या गालिच्यावर रांगेनं निजलेली माणसं.

"आमच्या घराण्यात कुणाला काही नाही."

विमानात एकच जागा.

*

"हे सोडून दाखवा, मावशी."

"सोडायचं नसतं ते."

"आहे काय आत?"

"प्रस्थान."

मुंबईच्या विमानतळावर, तपासणीच्या पट्ट्यापाशी, विहीणबाई गाठोडं पोटाशी धरून उभ्या होत्या. मागे रांग तुंबलेली. गणवेशातल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. आम्ही एकत्र आहोत हे मला तिथं कबूल करायचं नव्हतं.

"बरं, सोडू नका. यंत्रातून तरी जाऊ द्या."

गाठोडं आत गेलं. मुलीनं पडद्यावर काहीतरी पाहिलं, मग विहीणबाईंकडे पाहिलं, आणि गाठोडं तसंच्या तसं त्यांच्या हातात दिलं. "सांभाळून जा," म्हणाली. तिनं काय पाहिलं असेल हा प्रश्न मला सुचला नाही. मला एवढंच वाटलं की या बाईचं सगळीकडे असंच चालतं.

माझी मुलगी केतकी डब्लिनला. तिचा नवरा भूषण हा या बाईंचा, म्हणजे अमळनेरच्या इंदुमती सोनवण्यांचा मुलगा. केतकीचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरचं, यात कुठल्याही जातीत दुमत नाही. पण भूषणनं दोन तिकिटं एकत्र काढली. "दोघींना सोबत होईल," म्हणाला. सोबत हवी का, हे दोघींपैकी एकीलाही विचारलं नाही.

प्रस्थान म्हणजे असं. चांगल्या मुहूर्तावर घर सोडणं जमत नसेल तर खण, सुपारी, तांदूळ असं काही बांधून त्या मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. मग आपल्या सोयीनं निघायचं आणि जाताना ते उचलायचं. प्रवास मुहूर्तावरच सुरू झाला असं धरतात. त्या वर्षी अधिक महिना नेमका आमच्या प्रवासाच्या तोंडावर लागत होता, म्हणून विहीणबाईंनी आधीच ठेवून घेतलं होतं. आणि त्यांच्या घरात याला एक पुरवणी होती: पोचल्याशिवाय गाठ सोडायची नाही. वाटेत सोडली तर प्रवास तिथेच संपला.

माझं प्रस्थान माझ्या खांद्यावर होतं. विमान चुकणार, रद्द होणार, मोठी बॅग भलत्याच देशात जाणार, हे सगळं धरूनच मी निघते. कपड्यांचा जोड, साबण, टॉवेल, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, शाल, चार्जर, परदेशातल्या भोकांना चालणारी पिन. हे सगळं हातातल्या बॅगेत. निघण्याआधी मी विहीणबाईंना फोन करून सांगितलंही होतं, असं करा, तसं करा.

"इतकं वाईट चिंतून आम्ही घराबाहेर पडतच नाही," त्या म्हणाल्या होत्या.

*

विमानात:

"केतकीला भाकरी येत नाही अजून."

"भूषणला खाल्लेलं ताट उचलता येत नाही अजून."

"तो एकुलता आहे."

"तीही एकुलतीच आहे, पण तिच्या हाताला काही झालेलं नाही."

मग ढग. बराच वेळ ढग.

"बाळाला पहिलं हातात मी घेणार," मी म्हणाले. "आमच्याकडे माहेरची घेते."

"बाळ नाव कुणाचं लावणार?"

"अजून जन्मलं नाही ते."

"जन्मल्यावर कुणाचं लावणार?"

*

अ‍ॅम्स्टरडॅमला विमान बदलायचं होतं. उतरलो, फलकासमोर उभ्या राहिलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यावरची एकेक ओळ लाल झाली.

"काय झालं?" विहीणबाई.

"राख आडवी आली."

"कुणाची?"

मी समजावून सांगितलं. डोंगर फुटला, राख वर गेली, इंजिनात शिरते, म्हणून आभाळ बंद. मुलांना सांगायची तसं, हात वर करून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही हेच शिकवत होतात ना? मग तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

आमच्याकडे व्हिसा होता तो आयर्लंडचा. त्यामुळे इथल्या गावात पाऊल टाकता येत नव्हतं. मोठ्या बॅगा कुठल्याशा तळघरात अडकलेल्या. खाली गालिचा, वर दिवे, मधे आम्ही. विमान कंपनीच्या लोकांनी खाटा मांडल्या, पांघरुणं वाटली, पावाचे तुकडे वाटले. शेजारी एक नायजेरियन कुटुंब, पलीकडे सुरतेचा एक व्यापारी. माझी बॅग उघडली आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझी तयारी पुरेपूर वापरली जाणार होती. आणि ती बघायला या बाई समोर होत्या.

कोरा ब्रश मी वरच्या कप्प्यात ठेवला, पाकीट अर्धं बाहेर दिसेल असा. मागितला असता तर लगेच दिला असता.

त्या बोटानं दात घासून आल्या.

दुसऱ्या दिवशीही बोटानंच. मी भडंग खाताना कुरुमकुरुम आवाज करत होते आणि त्या कोरडा पाव पाण्याशी गिळत होत्या. शाल मी मांडीवर घडी करून ठेवली. त्यांनी पदर कानांवरून घेतला आणि गाठोडं उशाला घेऊन पडल्या.

"त्यात पांघरायला काही आहे का?" मी विचारलं.

"पोचल्यावर सोडेन."

"पोचलात तर."

हे मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चिक्की माझ्या दाढेखालीच राहिली.

*

रविवारी संध्याकाळी भूषणचा फोन. फोन एकच होता, माझा.

"केतकी झोपलीये, आई. सगळं ठीक आहे. तुम्ही दोघी एकत्र या, बस्स."

"कळा वगैरे?"

"नाही नाही. आता काही नाही."

विहीणबाईंनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "भूषण, हसतोयस काय रे?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. त्यांनी फोन परत दिला आणि साडीला पुसल्यासारखा हात पुसला.

"तुम्हीच आधी बोलता," त्या म्हणाल्या. "म्हणून तो मला काही सांगत नाही."

*

सोमवारपासून नखरे सुरू झाले. मी तेव्हा नखरेच म्हणत होते.

खुर्ची सोडून जमिनीवर बसायचं. खाटेवर निजायचं नाही, खाट ढकलून गालिच्यावर पडायचं. दिवे डोळ्यांत जातात म्हणून पदर तोंडावर. सुरतेच्या व्यापाऱ्यानं, मेहताभाईंनी, कुठून तरी गरम चहा मिळवून आणला तर तो हातात धरायचा नाही, निवून पाणी झाल्यावर प्यायचा. रात्रभर जाग्या. मी कूस वळवली की त्यांचे उघडे डोळे दिसायचे.

"साखर आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही."

"रक्तदाब? माझ्याकडे गोळ्या आहेत."

"तुमच्या गोळ्या तुम्हाला लखलाभ. आमच्या घराण्यात कुणाला काही नाही."

"मग जमिनीवर का बसता? लोक बघतात. भिकारणीसारखं."

"लोक तुमच्याकडे बघतात, केतकीच्या आई. खाताना फार आवाज करता तुम्ही."

मेहताभाई हसले. 

*

बुधवारी फलकावरचं डब्लिन हिरवं झालं आणि सगळा हॉल एकदम उठून उभा राहिला. दुपारपर्यंत काउंटरशी ढकलाढकली. मग निळ्या कपड्यांतल्या एका उंच मुलीनं आमची दोघींची नावं पुकारली. घोरपडे, सोनवणे. तिकिटं जोडीची होती, म्हणून नावंही जोडीनं.

"एक जागा आहे," तिनं इंग्रजीत सांगितलं. "दुसरीला उद्या, नाहीतर परवा. कोण जाणार?"

मी मराठीत सांगायच्या आत विहीणबाईंना समजलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला तिथं उतरून बाहेरचा रस्ता तरी विचारता येईल का?"

"भूषण येईल घ्यायला."

"मुलगी माझी आहे. अवघडलेली आहे. तिला आई लागते, सासू नाही."

"माझं प्रस्थान मुहूर्तावरचं आहे. तुमचं काय? भडंगाची पिशवी."

"प्रस्थान, प्रस्थान! पाच दिवस इथं कुजतोय, कुठं गेला तो मुहूर्त?"

"जिभेला हाड नाही तुमच्या. म्हणूनच मुलीनं इतक्या लांब घर केलं."

"आणि मुलगा? तो काय तुमच्या मांडीवर बसलाय?"

काउंटरवरची मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. भाषा न कळताही तिला सगळं कळत असावं.

"त्या बाळात रक्त आमचं आहे," विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या—"

आणि थांबल्या. मला वाटलं, शब्द शोधतायत. मी पुढचं उत्तर तयार ठेवलं. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागले, ओठ एका बाजूला ओढला गेला, आणि त्या सरळ, लाकूड पडावं तशा पडल्या.

*

शाल डोक्याखाली. चष्मा बाजूला. बांगड्या गालिच्यावर आपटण्याचा आवाज.

"चंपल सुंघाडो!" म्हणत मेहताभाई वाकून बूट काढू लागले.

"बूट घाला आधी!" मी ओरडले. "कुशीवर वळवा यांना. पाय धरू नका. मोकळं सोडा."

शाळेत एका मुलीला फीट यायची. मला माहीत होतं हे काय आहे. माहीत होतं, आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: सापडलात.

*

विमानतळावरच दवाखान्याची एक पांढरी खोली होती. नर्सनं विचारलं, कुठलं औषध घेतात? मी त्यांची पर्स पालथी केली. रुमाल, आरशाचा तुकडा, देवीचा फोटो, आणि गोळ्यांची एक रिकामी पट्टी. नाव फाटलेल्या भागावर होतं. प्रवासापुरत्या गोळ्या त्यांनी बाहेर ठेवल्या होत्या. प्रवास एका रात्रीचा होता.

म्हणजे बाकीच्या कुठेतरी असणार. मोठी बॅग मुलगा उघडेल. पर्समध्ये सून हात घालेल. कोणीही, कधीही, कुठल्याही कारणानं हात लावणार नाही अशी एकच जागा.

गाठोडं त्यांच्या पायाशी होतं. गाठ इतकी करकचून मारलेली की नखं मोडली. नर्स कात्री घेऊन आली. कात्री नको, मी मानेनंच सांगितलं. का ते तिला सांगता आलं नसतं. मी दातांनी गाठ सोडवली.

तांदूळ चादरीवर सांडले. सुपारी. हळकुंड. मऊ, बहुतेक हातानं शिवलेलं झबलं. आणि झबल्याच्या आत, बाळ गुंडाळावं तशा गुंडाळलेल्या, गोळ्यांच्या पट्ट्याच पट्ट्या.

*

त्यांना शुद्ध आली तेव्हा आधी तांदूळ दिसले.

"सोडलंत," त्या म्हणाल्या.

"सोडलं."

"कशानं?"

"दातांनी. गाठ मारताना कधीतरी सोडायची असते हे लक्षात ठेवावं माणसानं."

"आता मी पोचत नाही."

"नका पोचू. आधी ही गोळी गिळा."

गिळली. पाणी मी धरलं. 

"भूषणला माहीत नाही."

"कधीपासून आहे?"

"माझ्या लग्नाआधीपासून. वडलांनी लपवून दिली. पहिल्याच वर्षी यांना कळलं. परत धाडणार होते. भूषण पोटात होता, म्हणून राहिले."

"आणि तुमच्या घराण्यात कुणाला काही नाही."

"त्यांच्या घराण्यात नाहीच. मी त्यांच्या घराण्यातली कुठंय?"

मी त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हाताशी ठेवला. 

"सांगाल?" त्यांनी विचारलं.

"केतकीला सांगणारच. तिच्या बाळाचा प्रश्न आहे. डॉक्टरला ठाऊक असायला हवं."

"मग मी येतच नाही. उद्याच्या विमानानं परत जाते."

"तुमचं काय ते तुम्ही बघा."

तेवढ्यात ती उंच मुलगी दारात आली. डॉक्टर यांना आज उडू देणार नाहीत, उद्या तपासून ठरवतील. जागा तुमची. लवकर चला.

मी जिंकले होते. बॅग उचलली, दारापर्यंत गेले. मागे आवाज आला म्हणून वळले. विहीणबाई उठून बसल्या होत्या आणि चादरीवरचे तांदूळ एकेक करून वेचत होत्या. सलाईनची नळी ताणली जात होती.

"काय करताय?"

"नव्यानं ठेवायला हवं. पण आता अधिक लागला. अधिकात ठेवत नाहीत."

"तो अमळनेरला लागला. इथं यांचा एप्रिलच चालू आहे."

त्या हसल्या नाहीत. "प्रस्थान दुसऱ्याच्या घरी ठेवतात. इथं कुणाचं घर आहे?"

"मी आहे की," मी म्हणाले. "माझ्याइतकं परकं तुम्हाला दुसरं कोण?"

त्यांनी विचार केला. खरोखरच केला.

"ते खरं," त्या म्हणाल्या.

गोळ्या उशाशी काढून ठेवल्या. झबल्याची घडी घातली, त्यावर सुपारी, हळकुंड, तांदूळ. गाठ स्वतः मारली. मी मदत केली नाही. केली असती तर चालली नसती. मग माझी बॅग, आहे तशी, मी त्यांच्या खाटेवर ठेवली.

"हे कशाला?"

"वाईट चिंतून भरलीये. लागेल. साबण नवा आहे, सगळा संपवू नका."

"वास येतो तुमच्या साबणाला."

"मग बोटानं धुवा."

मी गाठोडं घेतलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं.

"ऐका," मी म्हणाले. "तुम्ही येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. आल्यावर तुमच्या तोंडानं तुम्ही सांगायचं, दोघांनाही. पण शनिवारपर्यंत आला नाहीत तर मी सांगेन. आणि मी वाढवून सांगेन."

"सांगाल. तुमची जीभच तशी."

"म्हणून या."

"झबलं बाळाला माझ्या हातचं आधी घालायचं."

"प्रस्थान पोचल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही पोचल्याशिवाय मी गाठ कशी सोडू?"

हे त्यांना पटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी निघाले.

*

विहीणबाई शुक्रवारी आल्या. दारातच आधी गाठ तपासली, मग चपला काढल्या. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी सांगितलं, भूषणकडे पाठ करून, कणीक मळता मळता. भूषणनं गॅस बंद केला. केतकीनं डॉक्टरला फोन लावला. मग विहीणबाई मला म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि माझ्या पुढ्यातला पोळपाट ओढून घेतला. आम्ही आजही एकमेकींकडे उतरत नाही. दिवाळीला फोन होतो, तोही भूषण लावून देतो म्हणून.

केतकीला मुलगी झाली ती आधीच्या रविवारी सकाळी, भूषणचा तो फोन यायच्या आधीच.